स्थानिक नाव

मगदूम काकूंकडे दिवस मावळायच्या आत जेवण.
दिवे लागतात तेव्हा माझं ताट घासून पालथं.
कांदा नाही, बटाटा नाही, मुळा तर नाहीच,
जमिनीखालचं काही त्या घरात शिजत नाही.
मी बीएस्सी दुसरं वर्ष, वनस्पतिशास्त्र.
मुळं माझ्या फक्त जर्नलमध्ये.

रात्री अकराला भूक लागते.
मग गादीखालून भडंगाची पुडी काढायची
आणि आवाज न करता चावायची.
भडंग ते भडंगच, ऐकत नाही.
विश्रामबागेत त्या वेळी इतकं शांत असतं
की मिरजेकडे निघालेली मालगाडी
माझ्या दाढेमागून जाते.

पुडीशेजारी रद्दीच्या घड्या, घड्यांत पानं.
चाळीस नमुने मागितलेत सरांनी, मार्चपर्यंत.
मी पानांवर झोपते.
आईला फोनवर सांगितलं,
तर म्हणाली, "गादी न्हाई व्हय गं तितं?"

आमचं गाव जतच्या पलीकडे.
तिथे एसटी कुठे थांबते हे सांगायला
एक बाभूळ पुरते.
'बाभळीपाशी उतर' म्हटलं की
कुठल्या, असं कुणी विचारत नाही.
इथे पहिल्याच आठवड्यात तीनदा चुकले.
'मोठ्या झाडापासून डावीकडे'
हा या कॉलनीत पत्ताच नव्हे.

सकाळी सातला सायकल काढते
तेव्हा हौसाक्काचा खराटा निम्म्या गल्लीत पोचलेला असतो.
बंगल्यांची फाटकं बंद, कुत्री साखळीला,
तिच्यामागे ओला रस्ता नि पुढे पिवळा.
चांगली डहाळी दिसली की ती बाजूला ठेवते माझ्यासाठी,
वर दगड.
मी लेबल काढते. रकाने ठरलेले:
शास्त्रीय नाव, कुळ, स्थानिक नाव,
ठिकाण, तारीख, गोळा करणार.

"ह्याला काय म्हणता, अक्का?"
"ह्याला? सात पाट्या."
"नाव विचारतेय."
"त्येच सांगतीया. माघात सात पाट्या भरत्यात ह्याच्या.
त्यो डाक्टरच्या दारातला अकरा पाट्याचा.
आन कोपऱ्यावरला बूच हाय न्हवं, त्यो गुणाचा.
फुलं टाकतोय.
कंबर दुखायची ती दुखतीच, पन वासानं जरा इसरायला हुतं."

मी लिहून घेतलं. पेन्सिलीनं.
नंतर शाईनं का गिरवलं, मलाही सांगता येत नाही.

तोंडीला बाहेरच्या कॉलेजच्या बाई.
चौदावा कागद उजेडाकडे धरला.
"पेल्टोफोरम, बरोबर. स्थानिक नाव... सात पाट्या?"
चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
"कुठल्या भागात म्हणतात असं?"
"गल्ली नंबर चारमध्ये, मॅडम."
मागे कुणीतरी हसलं.
त्यांनी अर्धा मार्क कापला,
आणि पेनचं टोपण न लावता विचारलं, "कोण म्हणतं?"
मी सांगितलं: हौसाबाई घाडगे.
त्या फक्त 'हं' म्हणाल्या
आणि पंधरावा कागद घेतला.

खोलीवर आले तर गादी अचानक सपाट.
चाळीस पानं गेली, रद्दी तेवढी उरली.
किलोवर घालायला घड्या उलगडत होते.
एका कागदावर बातमी होती, जत तालुक्याची:
टँकरच्या फेऱ्या वाढवल्या, रोज इतक्या.
तिच्यावर जांभळाच्या पानाचा ठसा,
शिरांसकट, कडेला ओल वाळल्याची तपकिरी रेघ.
अण्णा टँकरवर आहेत, आठ वर्षं झाली.
बातमीत ड्रायव्हर नव्हते.
फेऱ्यांचा आकडा होता.

तेवढा कागद काढून परत गादीखाली सरकवला.

खालून काकूंची हाक आली, "चला गं, दिवस चाललाय."
अजून चांगलं ऊन होतं झाडांच्या शेंड्यांवर.
ताटात दोडका, भात, आमटी.
खिडकीतून सात पाट्यांची एक पिवळी काडी आली
आणि आमटीच्या वाटीजवळ पडली.
काकू उचलायला गेल्या.
म्हटलं, असू दे.