कधी द्यायचं, कधी नाही

म्वानाइदी, आधी त्याच्या कानांना मलम लाव.
उंदीर रात्रीचा जीव; मोरोगोरोचं ऊन
त्या पातळ कानांना सोसत नाही.
शेपटीलाही लाव. हं, मुळापासून टोकाकडे.
साडेपाचला शेतात, नऊच्या आत पिंजऱ्यात.
हा नियम घड्याळाचा नाही, कातडीचा आहे.

आता हातातली ही पत्र्याची टिकली बघ.
दाबली की टिक्.
पहिल्या दिवशी ह्या आवाजाला काही अर्थ नसतो,
उलुगुरुच्या उतारावर कुणी काटकी मोडावी तसा.
टिक्, आणि लगेच केळं.
टिक्, आणि केळं.
चाळिसाव्या वेळी किसाम्वू
केळं यायच्या आधीच तोंड वर करतो.
त्या क्षणी आवाज पिकला म्हणायचं.

मग जाळीदार डबीत स्फोटकाची चिमूट.
नाक टेकवून थांबला, टिक्.
पंजाने खरवडलं, टिक्.
रिकाम्या डबीपाशी खरवडलं तर तू दगड व्हायचंस.
रागवायचं नाही. 'नाही' हा शब्द त्याला येत नाही,
त्याला फक्त न आलेलं केळं कळतं.

परवा विद्यापीठातली पोरं आली होती,
काचपट्टीवर मेंदूची चकती घेऊन,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
म्हणाली, सगळं शिकलेलं इथे साठतं, मामा झुहुरा.
मी एक डोळा मिटून पाहिलं:
जांभळे ठिपके, आटलेल्या ओढ्यांसारख्या रेघा.
केळं कुठेच दिसलं नाही.

आता मुख्य गोष्ट, नीट ऐक.
दर वेळी दिलंस,
तर ज्या दिवशी देणं थांबेल
त्या दिवशी तो दहा-बारा वेळा खरवडेल
आणि तोंड फिरवेल. शहाणा आहे.
पण कधी दिलंस, कधी नाही,
तिसऱ्यांदा, मग सातव्यांदा, मग लागोपाठ दोनदा,
त्याला हिशेब लागूच दिला नाहीस,
तर तो खरवडतच राहील.
खऱ्या शेतातसुद्धा, जिथे सुरुंग कुठे आहे
हे आपल्यालाच ठाऊक नसतं.

शोमारी डोडोमाच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा.
कधी मंगळवारी यायचा, कधी पुढच्या शुक्रवारी,
कधी एका आठवड्यात दोनदा, पिशवीत द्राक्षं घेऊन.
स्टँडवरून बोडाबोडा.
फाटकाशी इंजिन बंद होण्याआधी तीनदा खोकायचं.
पहिल्या खोकल्याला मी उठायचे,
पाणी ठेवायचे, आलं ठेचायचे.

गैरोच्या वळणाला आता अकरा महिने झाले.
गावात मोटरसायकली काय कमी आहेत?
रोज संध्याकाळी कुणाचं तरी इंजिन खोकतं
आणि पाय उठतात. मी नाही, पाय.
दोनदा तर आलं ठेचून झाल्यावर लक्षात आलं.
बहीण म्हणते, अंगवळणी पडलंय, जाऊ दे दिवस, सुटेल.
तिचा नवरा शाळामास्तर, रोज चारच्या ठोक्याला घरी.
तिला काय समजावू?

मध्ये तीन आठवडे पाय गप्प होते.
वाटलं, विझलं.
मग एका रविवारी पुन्हा, काही कारण नसताना.
तेही आपल्या वहीत आहे, पान चौदा:
विश्रांतीनंतर विझलेली सवय डोकं वर काढते.
मीच शिकवते ते, दर वर्षी.

बघ, बघ, किसाम्वू थांबला.
नाक टेकवलं. खरवडतोय.
अंगठा कुठे आहे तुझा? दाब, आत्ता,
उशीर केलास तर त्याला वाटेल
केळं मिशा पुसल्याबद्दल होतं.

टिक्.

हो, माहीत आहे मला,
तक्त्यात ही वेळ रिकामी आहे.
न द्यायची.
मघाशी मीच सांगितलं.

दे.
दे त्याला. मोठा तुकडा दे.
आणि वहीत लिहू नकोस.