माणसं बारा, बिछाने अकरा

पाणी चौदा. अन्न नऊ. संरक्षण वीस.
माणसं बारा, बिछाने अकरा.
आइमो आकडे वाचतो चष्मा कपाळावर सरकवून,
जसा खाणीतले मीटर वाचायचा
छत्तीस वर्षं, जमिनीखाली एक किलोमीटर.

बाहेर दुपारचे दोन, म्हणजे रात्रच.
डिसेंबरात इथे सूर्य उगवायची तसदी घेत नाही.
पडद्यावर मात्र ऊन आहे, अणुयुद्धानंतरचं,
पिवळट, कपाटात अंथरलेल्या रद्दीसारखं,
आणि त्या उन्हात एक बाई तीच भिंत ठोकतेय
परवापासून.
हातोडी आहे. खिळा नाही.

नातू देऊन गेला हा खेळ, तुओमो.
"आजोबा, यात गोळ्या घालायच्या असतात."
आइमोने तीन घातल्या, एका माशीला, दोन चुकल्या.
मग वाटेत एक मोडका नळ दिसला
आणि तो तिथेच थांबला.

नळाला पंप. पंपाला जनरेटर. जनरेटरला तार.
तार खांबावरून ओढायची, झोळ पडू न देता,
हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.
रेडिओचा मनोरा उभा राहिला तेव्हा
राखेच्या रानातून लोक यायला लागले, एकेक करून.
नाव कुणालाच नाही, डोक्यावर नुसतं "रहिवासी".
त्यानेही दिलं नाही. पण मनातल्या मनात
भिंत ठोकणारी ती एल्वी, समोरच्या घरातली,
दक्षिणेला लेकीकडे गेलेली;
आणि छपरावर चढून उतरायचं विसरलेला
तो पोस्टातला रागनार.

वस्तीत एक पडकं घर आहे, खेळासोबत आलेलं.
छपराला भोक, आत पाऊस,
कोपऱ्यात सांगाडा, सांगाड्याच्या हातात कप.
दोन हिवाळे तो ते पाडू बघतोय.
खाली ओळ उमटते: हे काढता येत नाही.
त्याने शिव्या घातल्या, फिनिशमधून,
स्वीडिश शिवीला धार नसते म्हणून.
मग त्याच्या भोवतीनेच बटाटे लावले.

मार्चमध्ये कंपनीचं पत्र.
खाण गावाखाली सरकतेय, रेषा आखलीय,
रेषेच्या अलीकडे त्याची गल्ली.
मोबदला चोख. नवा फ्लॅट, गरम फरशी,
बाल्कनीतून दिसणाऱ्या बाल्कन्या.
स्टेशनमास्तरचं घर चाकांवर घालून नेलं,
सगळं गाव थर्मास घेऊन बघायला.
आइमोचं घर धडधाकट, असं लिहिलं होतं,
पण नेण्याजोगं नाही.

सीरीने पडदे उतरवले, धुतले, इस्त्री केले,
जिथे त्या मापाची खिडकी नाही तिथे न्यायला.
यंत्र मंगळवारी आलं.
सकाळच्या कॉफीला धुराडं,
दहाच्या कॉफीला सौनाची खोली,
जेवणाच्या आत सगळं मोकळं.
यंत्रावरचं पोरगं ओळखीचं.
टोपी काढून उभं राहिलं, बोलणार काय.

नव्या जागेत केबल जोडायला तीन आठवडे गेले.
आइमो वस्तीत परतला तर जनरेटर जळालेला,
बटाटे तुडवलेले, समाधान शंभरात तेवीस.
एल्वी ठोकत होती.
रागनार छपरावर.
कुणी गेलं नव्हतं.

त्याने तार दुरुस्त केली. मग स्वयंपाकघर काढलं बांधायला:
उत्तरेला खिडकी, खिडकीखाली बाक,
बाकाखाली बुटांना जागा, चार जोड.
अर्ध्यावर पट्टी लाल झाली.
मर्यादा संपली. नवं हवं तर जुनं मोडा.
तो बराच वेळ हिंडला, काय मोडावं बघत.
पंप? मनोरा? कुणाचा तरी बिछाना?
शेवटी स्वयंपाकघरच मोडलं, बाकासकट,
आणि त्या फळ्यांतून बारावा बिछाना केला.
जागा उरली होती फक्त त्या पडक्या घरात.

सीरी मागे येऊन उभी होती, हातात घडी घातलेले पडदे.
"आणि हे कुणाचं?"
"काढता येत नाही," तो म्हणाला.
ती बघत राहिली. भोक, पाऊस, कप.
मग वाकून पडद्यावर बोट टेकवलं.
"तिथे नको. गादी भिजेल.
इकडे घे, भिंतीकडे."