सलाईनची नळी

देवळीच्या जिनिंगमध्ये, सरकीच्या ढिगामागं
भुतडाशेठची विलायती गाडी अकरा वर्षं उभी होती.
दोनच माणसं बसतील एवढी, दारं गुडघ्याएवढी.
वर रुईचा थर. बोट फिरवलं
की खालून लाल.
एक्झॉस्टमध्ये उंदरानं कापसाचं घर केलेलं
आणि ब्लॉकला तडा, नख जाईल एवढा.

मुनाफ मिस्त्रींनी नख घालून पाहिलं.
"ह्याचं झालं," म्हणाले, "पण ह्याचा भाऊ मले माहीत हाय."

भाऊ तहसीलच्या आवारात, कडुलिंबाखाली:
लिलावात निघालेली बिनचाकाची अॅम्बॅसॅडर.
मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती,
म्हणून चपराशाच्या बायकोनं
आणखी नऊ दिवस थांबायला लावलं.

मग दोन्ही इंजिनं गोणपाटावर शेजारी-शेजारी.
एक शर्यतीसाठी घडवलेलं,
एकानं मतपेट्या वाहिलेल्या.
मिस्त्री ह्याचा बोल्ट त्याच्यात घालत
आणि तो जायचा, नुसत्या बोटांनी.
"पाह्य, वळण एकच. नाक तेवढं येगळं."
नाक बदललं. पुढची प्लेट, मागची प्लेट, तेलाचं चेंबर.
हेड विलायतीच ठेवलं, त्याचे व्हॉल्व्ह मोठे.
एक स्टड माझ्या बापानं लेथवर पाडला,
सूतभर जास्त झाला, शिवी दिली, पुन्हा पाडला.
दहा-बाराचे पाने इथं चालत नव्हते.
सात-सोळा दे. अर्धा दे. नऊ-सोळा दे.
अपूर्णांक मी शाळेत नाही शिकले.

कार्बोरेटर दोन हवे होते, होता एक.
दुसरा पुलगावच्या फाट्यावर,
हरिदास मेश्रामच्या टॅक्सीत,
सहा वर्षं वराती पोचवत होता.
"तुमच्या शेठच्या हौसेपायी मी काहून थांबू?"
त्याला तहसीलवाला कार्बोरेटर दिला,
वर विलायती डायनॅमो,
वर एक चहा.

दोन कार्बोरेटर म्हणजे दोन गळे.
सारखा श्वास घेतला तर गाडी, नाहीतर खोकला.
मिस्त्रींकडे मीटर नव्हतं,
सलाईनची हातभर नळी होती.
एक टोक गळ्याशी, एक कानाशी.
डावा कान लावला. उजवा लावला.
स्क्रू पाव फेरा पुढं, अर्धा मागं.
मग नळी माझ्यापुढं धरली, न बोलता,
जसं कुणी सुई-दोरा पुढं करतं
ओवून दे म्हणून.

तीस हंगाम जिनच्या रोलरशेजारी काढलेले.
त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं,
मलाही सांगितलं नाही.

मी ऐकलं.
पुढचा फुत्कारत होता.
मागचा कढीवरचं झाकण सरकल्यासारखा, दबून.
"पुढचा मोठा."
ते माझ्या ओठांकडे पाहत होते.
पाव फेरा. "अजून मोठाच." त्याच्याही निम्मा.
नळी इकडून तिकडं, तिकडून इकडं,
शेवटी कोणता गळा कोणता
ते मला कळेनासं झालं.
मी मान हलवली.
मिस्त्री हसले, दात तंबाखूचे.

वर्ध्याला आरटीओच्या साहेबानं पुस्तक उघडलं,
बॉनेट उघडलं, पुस्तक मिटलं.
"नंबर तर दुसराच आहे. मग ही गाडी कोणती?"
भुतडाशेठचा हात खिशात गेला.
मिस्त्री म्हणाले, "नव्वदच्या वर नेऊ नका, साहेब.
अजून नवं हाय, बसू द्या."
साहेबानं त्यांच्याकडं पाहिलं,
मग माझ्याकडं,
आणि काय लिहिलं ते मला अजून माहीत नाही.

शेठ भिडीच्या रस्त्यानं फिरवून आणणार होते.
गाडी फाटकाशी उभी, इंजिन सुरू,
सरकीचा ढीग बारीक थरथरतो आहे,
आणि मिस्त्रींनी बॉनेटवर तळहात ठेवला.
खूप वेळ.
"चालू हाय ना?" त्यांनी मला विचारलं.
मी हो म्हणाले, मोठ्यानं.
हात उचलला तेव्हा लाल रंगावर पाच बोटं, काळी.
शेठनं ती रुमालानं पुसली
आणि गिअर टाकला.