येतो

स्वान्सी. चर्चमागचा हॉल, मंगळवार, साडेचार.
आत सहा मुलं निरोप घ्यायचा सराव करतात.
बाहेर आम्ही, मशीनची कॉफी धरून,
काचेतून न पाहिल्यासारखं करत.

निहारला मी शिकवलेलं,
निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं.
चिडला होता. जातोय तर जातोच ना?

आज सुटताना दारात टेगनपाशी थांबला.
नजर तिच्या बुटाच्या नाडीवर.
‘येतो,’ मराठीतच म्हणाला,
मग अर्थ सांगितला इंग्रजीत, जसाच्या तसा.

तिने कानावरचा हेडफोन जरा सरकवला.
‘कधी?’

तिच्या आईने कप खाली ठेवला.
बाईंच्या तक्त्यावर या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

‘मंगळवारी. चार अठ्ठावीसला.’

गाडीत पट्टा लावताना मला म्हणाला,
आता यावंच लागेल.