चौदावर

आखील बीटच्या शेतातून परततो
तेव्हा बुटांना दोन किलो चिखल
आणि खिशात एखादं नाक.
तोफगोळ्याचं. फ्यूज म्हणतात त्याला,
दिवे गेल्यावर बदलतात तो नव्हे.

अख्खा गोळा वर आला तर हात लावत नाही.
बांधावर लाल फडकं खोचतो, फोन करतो,
लष्कराची गाडी येईतो लांब उभा,
दातांत गवताची काडी.
घरी आणतो ती फुटून गेलेल्यांची नाकं.
जे बोलून मोकळे झाले, तेवढेच.

मग रात्री कांदे मुरवायचं माझं व्हिनेगर,
जुना टूथब्रश, भिंग.
हिरवा गंज सुटतो, पितळ उघडं पडतं.
"बाणाचा ठसा, म्हणजे इंग्रज. ऐंशी नंबर. सतरा साल.
आणि हे अक्षर नाही, गोडेलीव्ह, ओरखडा आहे."
एका ओरखड्यावर पाऊण तास.
माझ्या अंगठीच्या आत काय कोरलंय
ते विचारा त्याला.

मोडीत निघालेल्या औषधदुकानाचं कपाट आणलंय.
कापूर लिहिलेल्या खणात जर्मन,
गंधकात इंग्रज.
जर्मनांच्या कड्यावर मीटर, तो सांगतो,
कुठवर जायचं ते.
इंग्रजांच्या कड्यावर शून्य ते बावीस,
किती वेळ जळायचं ते.
सेकंद?
साधारण. अगदी तेच नाही.

कालच्याचं कडं फिरत नाही.
चौदावर बसलंय.

वेळ सांगून येत नाही म्हणतात.
ही सांगून आली होती.
तोफेपाशी गुडघ्यावर बसून कुणीतरी
आखडलेल्या बोटांनी, किल्लीने,
तेराच्या पुढे ढकलून आणली होती.
आणि इकडे, आमच्या बीटमध्ये,
कुणी डबा उघडत असेल,
कुणी नुसतं नाक पुसत असेल.
पुसून झालं असेल का?

आखील वहीत लिहितो: जागा, खोली, वजन.
शेरा: कडे जाम.

सकाळी उकळत्या पाण्यात अंडं सोडलं
आणि का कोण जाणे, मोजत राहिले.
चौदाला बाहेर काढलं, फोडलं.
पांढरंसुद्धा अजून पाणीच होतं.

बशी त्याच्यापुढे ठेवली.
त्याने बशीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं,
पावाने टिपून सगळं खाल्लं.
मीठ मागितलं नाही.