अकरा सेकंद

सिनेमातला नायक एक दार उघडतो.
मघाशी डावं उघडलं होतं, आता उजवं.
बस्स, एवढ्यावर
एक लग्न मोडतं, एक शहर उभंच राहत नाही,
आणि त्याची आई, जी सुरुवातीलाच मेली होती,
स्वयंपाकघरात अंडी फोडत असते.

निहार सोफ्यावर आडवा, पाय माझ्या मांडीवर.
म्हणतो, "काहीही हं, मम्मी.
एका दारानं एवढं?"

मी बोलत नाही.
माझ्या हातात रोज एक दार असतं.
हिरवं बटण, फुस्स असा आवाज,
हडर्सफील्ड स्टेशन ते लिंडलीचं हॉस्पिटल,
चढावर धापा टाकणारी माझी डबलडेकर.
आरशात माणसं पळताना दिसतात.
इवलीशी, बिनआवाजाची, एक हात वर.
थांबायचं की निघायचं, मी ठरवते,
नाक पुसावं तितक्या सहज.
वर्षाचे किती होतात, हिशेब नाही.

जानेवारीत एकदा
मी चार मिनिटं मागे, समोरचा आकडा लाल.
चर्चच्या स्टॉपवरून निघाले, आणि आरशात
एक म्हातारा.
पळत नव्हता, पळायला बघत होता.
हातात पारदर्शक पिशवी, पिशवीत
बायकी सपाता. मरून, गोंड्याच्या.
मी पाहिलं. पाहिलं, हे कबूल करते.
आणि निघाले.

सिनेमा असता तर कॅमेरा मागे राहिला असता,
त्याच्यापाशी.
पुढच्या बसपर्यंतची वीस मिनिटं, मग लिफ्ट, मग वॉर्ड,
पडदा ओढून घेतलेला पलंग.
किंवा पडदा नाहीच, बायको चिडून बसलेली,
"इतका वेळ? पायांचा बर्फ झाला माझ्या."
यातलं काय झालं, मला कोण दाखवणार?
मी बसबरोबर गेले.

शिरोळच्या शाळेत हुक्केरीबाई संकेतार्थ शिकवायच्या.
पाऊस पडला असता, तर पीक आलं असतं.
मी विचारलं होतं, मग आलं का, बाई?
बाई म्हणाल्या, नाही आलं,
ते वाक्यातच आहे.

दुसऱ्या दिवशी त्या स्टॉपवर थांबले.
कुणी नव्हतं. अकरा सेकंद मोजले.
अकराच का, विचारू नका.
तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी
मागून कुणीतरी ओरडलं, "मॅंडी, लव्ह, झोपलीस की काय?"
मंदाकिनीची मॅंडी मी इथे आल्याच्या पहिल्याच आठवड्यात झाले,
तेही असंच, एका फॉर्मवर जागा कमी पडली म्हणून.

आपल्यात म्हणतात,
म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.
माझी म्हातारी मेली की जगली, तेच ठाऊक नाही.
काळ मात्र सोकावलाय.
रोज अकरा सेकंद मागतो,
मी देते.

मार्चपासून तिथे एक मुलगी चढते.
ओले केस, बेकरीचा एप्रन, बुटाची नाडी लोंबती.
नवव्या नाहीतर दहाव्या सेकंदाला
कोपऱ्यावरून उगवते, निवांत.
तिला वाटतं, बसची वेळच ती.
गजरसुद्धा त्याच हिशेबानं लावत असणार.
तिला काय सांगू?
तुझी नोकरी, त्या काउंटरवर भेटेल तो कुणी,
किंवा चुकेल तो कुणी,
दोन मरून सपातांना टांगलेलं आहे?
"मॉर्निंग," म्हणते ती, आणि कार्ड टेकवते.
"मॉर्निंग," म्हणते मी.

पडद्यावर नायक पुन्हा मागे गेलाय,
डावं दार उघडतोय.
मागचे पाढे पंचावन्न.
आई नाही, अंडी नाहीत, ओटा कोरडा.
"याच्यापेक्षा गप बसला असता," निहार म्हणतो.
"कधी?"
पण तो उठलेला असतो.
जिन्यातून विचारतो, उद्या पहाटेची का?
पाच चाळीसची, म्हणते.

डब्यात पोहे न्यावेत की सँडविच.
फ्रिजचं दार धरून उभी राहते,
आतला दिवा लागलेला,
थोडी जास्तच वेळ.