वितळल्यावर पुन्हा गोठवू नये

खोकं हातात घेतलं की आधी उलटं करायचं,
या सवयीला आता चार वर्षं झाली.
मार्टच्या थंड कपाटाचं दार कोपराने अडवून,
चष्मा डोक्यावर, खोकं नाकाशी:
तांदूळ, पाणी, तूरडाळ, तेल, मीठ,
आम्लता नियंत्रक अमुक तमुक,
हिंग.
हिंगापाशी थांबायचं.
हिंगात मैदा असतो, हे मला
पोटाने आधी सांगितलं, डॉक्टरांनी नंतर.

इथे हिंगापुढे लिहिलंय: तांदळाच्या पिठातला.
कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी
एवढा विचार केला माझा!
बरं वाटलं.
एकशे एकोणपन्नास रुपयांचं बरं वाटलं.

मार्टचाच स्वतःचा माल, नाव 'घरच्यासारखं'.
चित्रातल्या भाकरीवर लोण्याचा गोळा,
आतल्या भाकरीवर बर्फ.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात दिवसभर
दुसऱ्यांच्या टनांचा हिशेब लिहून
साडेआठला कामोठ्याला पोचल्यावर
ज्वारी निवडा, गिरणीवाल्याची मनधरणी करा,
'आत्ताच गहू काढलात का? मग राहू द्या,
उद्या पहिलं दळण माझं लावा,'
एवढं अंगात उरत नाही.

पुलाव बरा आहे.
भरल्या वांग्याला वांग्याची आठवण आहे.
इडली म्हणजे स्पंज, तोही रुसलेला.
आणि भाकरीच्या मधोमध, कितीही मिनिटं लावा,
एक थंड नाणं राहतंच.
त्याच्या कडेकडेने खायचं.

बारशाला, डोहाळजेवणाला मी डबा घेऊन जाते.
'तुला हे चालतं का गं?'
'हे पण नाही?'
'एका घासाने काय होतंय!'
मी हसते. डबा शुद्ध,
हसू तेवढं भेसळीचं.

शुक्रवारी रात्री सेक्टर चौतीसची वीज गेली.
ट्रान्सफॉर्मर उडालाय, सकाळपर्यंत विसरा, म्हणाला वॉचमन.
दहाला फ्रीज उघडून पाहिला:
नऊ खोकी, नऊंना घाम.
दोनावर एक फुकट होतं, माझाच हावरटपणा.
मोबाइलच्या उजेडात मागची शेवटची ओळ वाचली,
जी एरवी कधी वाचत नाही,
आणि लाल दोरा बांधलेला माझा तवा काढला,
ज्याला गव्हाची पोळी ठाऊक नाही.
गॅस पेटवला. वाऱ्यासाठी दार सताड उघडं टाकलं.

वास जिन्यात गेला.
समोरचा तन्वेश आला, बॅटरी हनुवटीखाली धरून, भूत होऊन.
मग नफीसा तांबोळी, इंडक्शन बंद म्हणून अर्धपोटी.
मग वरचे कडूकाका, बनियनवर,
'काय जळतंय ते बघायला आलो'
असं म्हणत बसलेच.

ताटल्या पुरेनात, खोक्यांच्या झाकणांवर वाढलं.
'तुम्हाला चालेल ना?' मी विचारत होते,
एकेकाला, वाकून वाकून,
आणि विचारता विचारता माझ्या लक्षात आलं
की हे वाक्य माझ्या तोंडून
किती दिवसांनी निघतंय.

नफीसाने उत्तर दिलं नाही.
तिने खोकं उलटं केलं.
बॅटरी मागितली तन्वेशकडून,
बोट ओळीवरून सावकाश नेत नेत
शेवटपर्यंत गेली.
'चालेल,' म्हणाली,
आणि माझ्याकडे बघून अशी हसली
की त्यात काही मिसळलेलं नव्हतं.

कडूकाकांनी भाकरी मोडली.
'आमच्याकडे तांदळाची करतात, तिच्यापुढे ही म्हणजे...'
वाक्य तिथेच सोडून दुसरी घेतली.
मधलं नाणं या वेळी नव्हतं,
किंवा अंधारात कुणाला सापडलं नसेल.
इडलीला मात्र तन्वेशने सुद्धा नाही म्हटलं.

पहाटे पावणेपाचला दिवे आले.
रिकाम्या पोटी फ्रीज गुरगुरला.
सिंकमध्ये चार घरांच्या वाट्या,
त्यातली स्टीलची, नाव कोरलेली, कडूकाकूंची.
ती परत करायला जाताना
रिकामी कशी नेऊ,

म्हणून संध्याकाळी पुन्हा मार्टात.
पुलाव चार, भाकरी तीन.
इडली नाही.